मशीन पुन्हा पुन्हा सुरू होतंय? आधी त्याला उभं कर

बाळा, जळगावच्या कॉलेजात लॅब सांभाळायचं काम तुझ्याकडे आलं याचा मला मनापासून आनंद आहे. आता लवकरच एक दिवस असा येईल, की तू मोठ्या उत्साहात इमेज मारशील, पडद्यावर शंभर टक्के पूर्ण दिसेल, आणि मशीन विंडोजचं चिन्ह दाखवून, ठिपके गोल फिरवून परत पहिल्यापासून सुरू होईल. मग परत, आणि परत. धुळ्याच्या टायपिंग क्लासवाल्याला, भुसावळच्या एमएस-सीआयटी केंद्राला, दाणा बाजारात टॅलीवर हिशेब ठेवणाऱ्या अडत्याला, सगळ्यांना हे भोगावं लागतं. तू काही वेगळा नाहीस रे भो.

एक गोष्ट डोक्यात पक्की ठेव. इमेज म्हणजे अख्ख्या डिस्कची एका क्षणाची नक्कल. ती बहुतेक वेळा चांगलीच असते. ज्या मशीनवर ती उतरवली त्याची मांडणी मधल्या काळात बदललेली असते, आणि भांडण तिथे लागतं. म्हणून तीच इमेज दुसऱ्यांदा मारायला धावू नकोस. तुझा हात चपळ आहे, तो थोडा वेळ खिशात ठेव आणि खालचं वाच.

१. आधी पेन ड्राइव्ह काढ — रिस्टोअरसाठी लावलेला पेन ड्राइव्ह तसाच राहिला आणि बूटच्या क्रमात तोच पहिला असला, तर मशीन दर वेळी त्याच्याचकडे जाणार. हसू नकोस, जाणती माणसंही इथे तासभर अडकतात.

२. पहिल्या एक-दोन रिस्टार्टला घाबरू नकोस — सिसप्रेप करून घेतलेली इमेज (सिसप्रेपचं बाविसाव्या मुद्द्यात सांगतो) नवं हार्डवेअर ओळखताना स्वतःहून एकदा-दोनदा सुरू होते. तिसऱ्यांदाही त्याच जागेवरून परतलं, तर मात्र खुर्ची ओढून बस.

३. कुठून परततं ते बघ — कंपनीच्या चिन्हावरून परतलं तर संशय हार्डवेअरवर किंवा बूटच्या नोंदीवर, विंडोजचे ठिपके फिरताना परतलं तर ड्रायव्हरवर, लॉगिन झाल्यावर परतलं तर एखाद्या प्रोग्रामवर किंवा तापलेल्या प्रोसेसरवर.

४. बायोसच्या पडद्यावर त्याला अर्धा तास नुसतं बसू दे — तिथे विंडोज चालतच नसतं, त्यामुळे तिथेही मशीन स्वतःहून बंद पडलं तर इमेजचा काही दोष नाही. रॅम, एसएमपीएस, पंखा यांच्याकडे वळ.

५. आपोआप रिस्टार्ट होणं बंद कर — विंडोजवर संकट आलं की ते निळा (विंडोज ११च्या नव्या आवृत्तीत काळा) पडदा क्षणभर दाखवतं आणि लगेच स्वतःला सुरू करतं, म्हणून तुला फक्त फिरणं दिसतं, कारण दिसत नाही. दोन-तीनदा बूट अर्धवट राहिलं की दुरुस्तीचा पडदा आपणहून येतो. तिथे ट्रबलशूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग स्टार्टअप सेटिंग्ज, आणि यादी आली की ९ दाब.

६. निळ्या पडद्याचा मोबाइलवर फोटो काढ — त्यावरचा कोड दहा मिनिटांनी आठवत नाही, आणि अंदाजाने सांगितलेला कोड चुकीच्या दुकानात नेतो. मशीन पळतं तोवर मुकं, थांबलं की बोलकं.

आता खरा गाभा. ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ हे शब्द किंवा जुन्या मशीनवर ‘सेव्हन बी’ हा कोड दिसला, तर समज की विंडोज उठलं खरं, पण ज्या डिस्कवर ते राहतं तीच त्याला सापडत नाही. याची उत्तरं बहुतेक वेळा बायोसमध्ये मिळतात.

७. बूटचा प्रकार जुळव — लेगसीत घेतलेली इमेज लेगसीतच उठते आणि युईएफआयत घेतलेली युईएफआयतच. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, तेव्हापासून लॅबच्या मशीनवर ११ टाकायला लोक बायोस युईएफआयवर नेतात आणि नंतर गरज पडली की कपाटातली जुनी १०ची इमेज काढतात. ती लेगसीच्या काळातली असते आणि हटून बसते.

८. इमेज घेतानाच तिचा प्रकार लिहून ठेव — रन खिडकीत एमएसइन्फो३२ टाकलं की ‘बायोस मोड’समोर लेगसी की युईएफआय ते दिसतं; तेच इमेजच्या नावात घाल, म्हणजे वर्षभराने तुला किंवा तुझ्या जागी येणाऱ्या पोराला ओळखू येईल.

९. साटा मोड बघ — एएचसीआय, रेड की आयडीई, इमेज घेताना जे होतं तेच हवं. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपवर व्हीएमडी नावाचं आणखी एक बटण असतं, तेही तपास.

१०. मोड बदलणं भागच असेल तर पहिल्यांदा सेफ मोडमध्ये उठव — सेफ मोडमध्ये विंडोज डिस्कचे मूळ ड्रायव्हर सोबत घेऊन उठतं, आणि एकदा उठलं की पुढच्या खेपेला साधंही उठतं. मात्र सेफ बूटची खूण एमएसकॉन्फिगमधून लावली असशील तर ती काढ, नाहीतर मशीन कायमचं सेफ मोडमध्येच येत राहील.

११. बूटची नोंद पुसली गेली असेल तर ती पुन्हा लिही — विंडोजच्या पेन ड्राइव्हने उठून रिपेअरमध्ये आधी स्टार्टअप रिपेअर चालव, त्याने भागलं नाही तर कमांड प्रॉम्प्टवर बीसीडीबूट. आज्ञा देण्याआधी विंडोजचं फोल्डर कोणत्या अक्षरावर आहे ते डोळ्यांनी बघ, कारण दुरुस्तीच्या पडद्यावर सी कधी कधी डी झालेला असतो.

१२. सेल बदल — हा मुद्दा मी लांबवणार आहे, कारण आपल्याकडे जूनमध्ये लॅब उघडल्या की गोंधळाची सुरुवात हमखास इथून होते.

बघ, परीक्षा संपल्या की सगळे प्लग काढून लॅबला कुलूप लागतं. प्लग असतो तोवर मदरबोर्डला भिंतीतून थोडी वीज मिळत राहते; प्लग काढला की बायोसची आठवण एकट्या सेलवर येते. तो सेल सीआर२०३२, २० मिलिमीटर रुंद, चपटा, ३ व्होल्टचा. जुना सेल त्या बंद उन्हाळ्यात मरतो. मग जूनमध्ये बायोस कारखान्यातल्या मूळ सेटिंगवर जाऊन बसतो, साटा मोड बदलतो, तारीख कित्येक वर्षं मागे जाते, आणि विंडोज उठेनासं होतं. लॅब सांभाळणाऱ्या मुलाला वाटतं विंडोज बिघडलं. तो इमेज मारतो. इमेजही फिरायला लागते, कारण बायोस अजून चुकीचाच आहे. सगळा दिवस इमेजच्या मागे जातो आणि सेलकडे कोणी बघतच नाही.

म्हणून पडद्यावर जुनी तारीख दिसली की बाकी सगळं सोडून सीपीयूचा डबा उघड. प्लग काढ, पॉवरचं बटण एकदा दाबून उरलेली वीज जाऊ दे, सेलच्या कडेची लोखंडी पट्टी नखाने मागे ढकल, सेल आपणहून वर उडी मारतो. नवा बसवताना अधिकची बाजू वर. मग बायोसमध्ये तारीख, बूटचा प्रकार, साटा मोड हे तिन्ही लावून सेव्ह कर. पुष्कळदा मूळचं विंडोज जसंच्या तसं उठतं आणि इमेजची गरजच उरत नाही.

१३. प्रत्येक डब्याच्या आत बायोसचा कागद चिकटव — बूटचा प्रकार, साटा मोड, सेल बदलल्याचा महिना, एवढ्या तीन ओळी. बाहेर चिकटवलास तर मुलं खरवडतात.

आता आपल्या मातीचं. पुण्यातलं मशीन आणि आपलं मशीन एकाच कंपनीचं असलं तरी एकाच हवेत राहत नाही.

१४. दुपारी फिरतं आणि सकाळी नीट चालतं, तर इमेजला दोष देऊ नकोस — मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांवर जातो, प्रोसेसरवरची पेस्ट वाळलेली असली की तो स्वतःला वाचवायला मशीन बंद करतो. रिस्टोअरचं काम उन्हाळ्यात सकाळी उरक.

१५. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धर — वाऱ्याने तो उलटसुलट भन्नाट फिरला तर बिघडतो. जिनिंगच्या ऑफिसातला सीपीयू कधी उघडलास तर पात्यांवर रुईचा थर दिसेल. तो ब्लोअरने जात नाही, चिमट्याने काढावा लागतो.

१६. रॅम काढून तिचं सोनेरी टोक खोडरबराने हलकेच पूस आणि एका वेळी एकच पट्टी लावून बघ — दोन पट्ट्यांपैकी एक खराब असली, तर इमेज उतरताना त्यातूनच बिघडलेला डेटा डिस्कवर जाऊ शकतो, आणि मग चांगली इमेजही वाईट ठरते.

१७. एक खात्रीचा एसएमपीएस कपाटात ठेव — दुबळा एसएमपीएस रिकामं मशीन चालवतो आणि विंडोजचा भार आला की हात टेकतो. बदलून बघण्याइतकी स्वस्त तपासणी दुसरी नाही.

१८. यूपीएसची बॅटरी बघितल्याशिवाय रिस्टोअर सुरू करू नकोस — लाइट मधेच गेली तर जुनंही गेलेलं असतं आणि नवंही अर्धंच आलेलं असतं. घाईची इमेज, रात्रभर जागरण.

इमेज घ्यायच्या वेळच्या सवयी वेगळ्याने सांगतो. पुढचा निम्मा त्रास त्यातच मिटतो.

१९. अपडेट पूर्ण होऊन, मशीन एकदा सुरू होऊन, शांत बसल्यावरच इमेज घे — अर्धवट अपडेटची इमेज घेतलीस तर तो अर्धवटपणा तीस मशीनवर जाईल.

२०. बंद करताना शिफ्ट दाबून शट डाउन कर — नाहीतर फास्ट स्टार्टअपमुळे विंडोज पुरतं बंद न होता झोपतं, आणि झोपलेल्या डिस्कची नक्कल घ्यायला क्लोनझिलासारखी साधनं नकार देतात.

२१. ‘ऑटोमॅटिकली रिस्टार्ट’ची खूण इमेज घेण्याआधीच काढून टाक — सिस्टिम प्रॉपर्टीजमध्ये स्टार्टअप अँड रिकव्हरीत ती आहे, मग त्या इमेजवरचं प्रत्येक मशीन संकटात निळा पडदा दाखवून उभं राहील, आणि तुझं पाचव्या मुद्द्याचं काम वाचेल.

२२. वेगळ्या मदरबोर्डवर न्यायची इमेज सिसप्रेपने ‘जनरलाइज’ करून घे — त्याने जुन्या हार्डवेअरच्या नोंदी आणि मशीनची स्वतःची ओळख पुसली जाते, नाहीतर लॅबमधली सगळी मशीनं एकाच ओळखीची होतात.

२३. इमेज झाल्यावर व्हेरिफाय कर, आणि एका मशीनवर उतरवून दोनदा रिस्टार्ट करून बघ — एकावर बघावं, मग तिसावर मारावं. कपाटातला बॅकअप कोणाचा? ज्याने उघडून पाहिला त्याचा.

२४. क्लोन केल्यावर पहिल्या बूटला जुनी डिस्क काढून ठेव — दोन्ही डिस्कवर सही एकच असते, विंडोज गोंधळतं आणि एकीला बाजूला बसवतं.

२५. दुसऱ्याच्या मशीनवर इमेज मारण्याआधी त्याचा डेटा बाहेर काढ — इमेज मार्चची असेल तर सीवरची टॅलीही मार्चला जाऊन बसते. अडत्याच्या हंगामाच्या नोंदी गेल्या तर त्या परत बसवायला त्याला शेतकऱ्यांच्या पट्ट्या गोळा करत फिरावं लागेल. विंडोज परत मिळतं रे, माणसाचा हिशेब मिळत नाही. विंडोजच्या रिस्टोअरमध्ये डिस्क वगळायचा पर्याय असतो, डेटाची डिस्क वेगळी असेल तर तो वापर. त्याहून बरं म्हणजे तिची केबलच काढ.

२६. डिस्क कुलूपबंद करणाऱ्या बिटलॉकरची किल्ली कागदावर ठेव, मशीनबाहेर — इमेज उतरवली किंवा बायोस हलवला की विंडोज ४८ आकड्यांची किल्ली मागू शकतं.

ही किल्ली हाताशी नसली तर किती महाग पडतं ते साऱ्या जगाने १९ जुलै २०२४ला पाहिलं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या कंपनीची एक सदोष फाइल आपल्या घड्याळाप्रमाणे सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी सुटली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख मशीनं बंद पडली. निळा पडदा, रिस्टार्ट, परत निळा पडदा. हैदराबादच्या विमानतळावर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची वेळ आली. फाइल ७८ मिनिटांत मागे घेतली गेली, तरी फिरणाऱ्या मशीनला ते कळणार कसं? एकेका मशीनसमोर बसून, सेफ मोडमध्ये उठवून, ती फाइल हाताने पुसावी लागली. जिथे बिटलॉकरच्या किल्ल्या हाताशी होत्या तिथली माणसं आधी घरी गेली. काही ठिकाणी तर किल्ल्या ठेवलेला सर्व्हरच फिरत होता. एवढ्या मोठ्या कंपन्यांना जे करावं लागलं ते तुझ्या लॅबमध्ये तू एकटा करू शकतोस, फक्त तो कागद हवा.

२७. अडलास तर फोन कर, पण फोनआधी तीन गोष्टी हाताशी घे — निळ्या पडद्याचा फोटो, इमेज कधीची आणि कोणत्या मशीनवरची, बायोसमध्ये आत्ता काय लावलंय. रात्री अकरापर्यंत मी जागाच असतो, आणि त्यानंतरही वाजव. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रॅक्टिकल असेल तर मुलं वाट बघत बसता कामा नयेत.