राघू पाळताय? जरा थांबा!

पिंजऱ्यातला राघू मुलांना आवडतो. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार देशी पोपट पाळणे गुन्हा आहे. प्रश्न आरोग्याचाही आहे. आजारी पक्ष्याच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासावाटे गेल्यास सिटॅकोसिस हा रोग होऊ शकतो. थंडीताप, डोकेदुखी, कोरडा खोकला ही लक्षणे. दुर्लक्ष केल्यास न्यूमोनिया होतो. १९२९-३० मध्ये पोपटांमुळेच ही साथ अनेक देशांत पसरली होती. वेळीच प्रतिजैविके दिल्यास रोगी बरा होतो. म्हणून घरात पक्षी असल्याचे डॉक्टरांना जरूर सांगावे. पिंजरा कोरडा झाडू नये. आधी पाणी शिंपडावे, नाक-तोंड झाकावे, नंतर साबणाने हात धुवावेत. सोलापूरच्या कडक उन्हात पिंजरा टांगू नये. घरी देशी पोपट असल्यास परस्पर सोडू नये. माणसाळलेला पक्षी बाहेर तगत नाही. तो वन विभागाकडे सोपवावा.