मागे राहिलेले माणूस

तेरवी झाली. पाहुणे जेवून उठले. दारापुढचा मांडव सोडला. भाड्याने आणलेली भांडी मोजून परत गेली. चौदाव्या दिवशी सकाळी लेकी निघाल्या. एक नांदेडची, दुसरी परभणीची. त्यांचीही घरे होती, लेकरे होती. थोरली आईच्या पाया पडली आणि म्हणाली, "येते गं माय." धाकटीही तेच म्हणाली, "येते."

आजी ओट्यावर बसून राहिली. एस.टी. वळणाआड गेली. धुरळा खाली बसला. तरी ती तिथेच.

कयाधू नदीच्या काठच्या एका गावातली ही आजी. नाव सांगत नाही. अशी आजी तुमच्याही गल्लीत असेल. कुठे आजी गेली आणि आजा मागे राहिला, एवढाच फरक.

बाबांनो, मायबहिणींनो, एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली आहे का? आपल्याकडे घरून निघताना कोणी 'जातो' म्हणत नाही. पोरगे चुकून म्हणालेच तर आई रागावते. "जातो म्हणू नये बाळा, येतो म्हण." बाजाराला निघालो तरी 'येतो'. ऊसतोडीला सहा महिने निघालो तरी 'येतो'. मरणाच्या वेळी मात्र हा शब्द कामाला येत नाही. पुष्कळदा कोणताच शब्द बोलायला सवड मिळत नाही. रात्री भाकर खाऊन निजलेला माणूस सकाळी उठत नाही. मग मागे राहिलेले माणूस मनात घोकत बसते. शेवटचे काय बोललो आपण? भाजीत मीठ जास्त पडले म्हणून ओरडलो होतो. तेच शेवटचे.

ज्याला त्याला हे असेच वाटते. चाळीस वर्षांच्या संसारात लाख शब्द बोलून झालेले असतात. त्यातला शेवटचा एक कडू निघाला म्हणून सगळा संसार कडू होत नाही. हे कोणीतरी त्या माणसाजवळ बसून सांगायला पाहिजे. एकदा सांगून भागत नाही. चार वेळा सांगावे लागते.

दहाव्याचा दिवस आठवा. नदीवर पिंड ठेवतात. कावळा शिवत नाही. ऊन चढते. मग घरचे एकेक जण पुढे होऊन मोठ्याने सांगतात, "दादा, काळजी करू नका. धाकट्याचं लग्न आम्ही करू. मायला अंतर देणार नाही." कावळा येतो. सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. कावळा येण्याचे कारण काय, यावर मी वाद घालत नाही. पण दहा माणसांत मोठ्याने दिलेला शब्द ही चांगली चाल आहे. आजीच्या दोन्ही पोरांनीही असाच शब्द दिला होता. त्याचे काय झाले ते पुढे येईल.

आधी घरातले सांगतो. माणूस गेल्याचे खरे दुःख तेरवीनंतर कळते. तेरा दिवस घर भरलेले असते. रडायलासुद्धा सोबत असते. चौदाव्या दिवशी घर तेच, पण परातीत पीठ किती घ्यावे ते कळत नाही. आजीचा हात पाच भाकरींच्या पिठाला बसलेला. आता पुरे होते दोन. तीन भाकरी रोज उरू लागल्या. मग तिने चूल पेटवणेच सोडले. सकाळची शिळी भाकर, वर तिखट आणि पाणी. थोरल्या सुनेचे घर भिंतीला भिंत लावून. पण वेगळी चूल. "त्यांच्या ताटात कशाला जावं," असे आजी म्हणे.

बायांचे हे. पुरुषांचे तर विचारू नका. माझेच सांगतो. माझी बायको वारली तेव्हा शाळेतून निवृत्त होऊन मला तीन वर्षे झाली होती. आयुष्यभर पोरांना शिकवले. गाव मला शहाणा म्हणे. पण मिठाची बरणी कोणती आणि साखरेची कोणती, हे शहाण्याला ठाऊक नव्हते. पहिल्या दिवशी चहा ठेवला तर दोन कप पाणी ठेवले. दुसऱ्या दिवशीही दोनच. ते ओतून द्यायला हात होईना, म्हणून शेजारच्या म्हाताऱ्याला हाक मारली. तो आला. दुसरा कप त्याने घेतला. अजून येतो. आमच्या दोघांचे बोलणे फार होत नाही. पण कोणी येणार आहे म्हणून मी तोंड धुतो, सदरा घालतो. साठीला मी वरण-भात शिकलो. पहिल्यांदा करपला. आता बरा होतो.

शरीराचेही ऐका. जोडीदार गेल्यावर पहिल्या काही महिन्यांत मागे राहिलेल्याची तब्येत ढासळण्याचा धोका जास्त असतो. पुष्कळ देशांतल्या डॉक्टरांना हे अभ्यासात दिसले आहे. त्यात नवल नाही. झोप येत नाही, जेवण सुटते, रक्तदाबाची गोळी राहून जाते. आजवर ती गोळी कोण आठवणीने देत होते? तेच माणूस गेलेले असते. तेव्हा शेजाऱ्यांनी, पोरांनी पहिले वर्षभर दोन प्रश्न रोज विचारावेत. जेवलात का? गोळी घेतली का? फार मन खचले, घरात छळ होतो, तर म्हाताऱ्या माणसांसाठी १४५६७ हा फुकटचा फोन नंबर आहे. घराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवावा.

आता एक अवघड गोष्ट. पुरुष मागे राहिला तर त्याचा सदरा, टोपी, गंध काही बदलत नाही. बाई मागे राहिली तर? बांगड्या फोडतात. कुंकू पुसतात. मंगळसूत्र तोडतात. पायातली जोडवी काढतात. नवऱ्याचे प्रेत दारात आणि तिच्या हाताला काचेच्या जखमा. आजीच्या हातातल्या बांगड्या चाळीस वर्षांच्या सवयीने घट्ट बसल्या होत्या. दगडाने फोडल्या. मी तिथे उभा होतो. बोललो नाही, याची लाज अजून आहे.

कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचे गाव आहे. करोनाच्या साथीत गावोगाव कर्ती माणसे गेली. तरण्या बायका विधवा झाल्या. मे २०२२ मध्ये हेरवाडच्या ग्रामपंचायतीने ठराव केला. आमच्या गावात बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे या चाली बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही हाच कित्ता गिरवायला सांगितले. ठराव झाला म्हणजे मन बदलले असे नव्हे. पण ठराव असला की दारात उभ्या असलेल्या माझ्यासारख्याला बोलायला आधार मिळतो.

आपला जिल्हा हळदीचा. हिंगोलीचा आणि वसमतचा हळदीचा बाजार दूरदूरचे व्यापारी ओळखतात. हळद काढायला, शिजवायला, वाळवायला बाया लागतात. त्यांत विधवा किती तरी. दिवसभर त्यांचे हात पिवळे. तेव्हा कोणी म्हणत नाही की बाई, तू हळदीला शिवू नको. आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिला कोणी बोलावत नाही. मजुरीची हळद चालते, मानाची चालत नाही. जन्मभर गणित शिकवले, पण हा हिशेब मला सुटला नाही.

बाईने स्मशानात जाऊ नये असेही म्हणतात. पुण्याला २८ नोव्हेंबर १८९० रोजी महात्मा जोतीराव फुले वारले. अंत्ययात्रेत पुढे टिटवे कोणी धरायचे यावरून भाऊबंदांनी वाद काढला. तेव्हा साठीच्या घरातल्या सावित्रीबाई पुढे झाल्या आणि त्यांनी स्वतः टिटवे धरले. पन्नास वर्षांच्या जोडीदाराला त्यांनी स्वतः पोहोचवले. पुढे सहा वर्षांहून थोडे अधिक त्या जगल्या, त्या घरात कोंडून नव्हे. १८९७ साली पुण्यात प्लेगची साथ आली. रोग्यांची सेवा करता करता त्यांना प्लेग झाला आणि त्यात त्या गेल्या.

दुसरी बाई रमाबाई रानडे. लग्न झाले तेव्हा अक्षर येत नव्हते. नवऱ्याने, म्हणजे न्यायमूर्ती रानडे यांनी, घरी शिकवले. १९०१ साली ते वारले. नऊ वर्षांनी रमाबाईंनी त्यांच्या आठवणींचे पुस्तक छापले. नवऱ्याने दिलेल्या अक्षरांनीच त्यांनी नवऱ्याला जपून ठेवले. तुमच्या हातात आज जी पाटी आहे, तिचा असाही उपयोग आहे.

निरोपाचा विषय निघाला म्हणून आपल्या नर्सीच्या नामदेवांची आठवण होते. नर्सी हिंगोलीपासून दूर नाही. एकादशीला तुम्ही जाता. नामदेव आणि ज्ञानेश्वर जिवाचे सखे. १२९६ साली आळंदीला ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली. नामदेव तिथे होते. त्या निरोपाचे अभंग त्यांनी रचले. त्यात रडणे आहे, लपवाछपवी नाही. एवढा मोठा संत, तोसुद्धा रडला. मग आजी रडली तर 'आता पुरे कर' म्हणणारे आपण कोण? आणि नामदेव त्यानंतर पन्नासहून अधिक वर्षे जगले. पार पंजाबात गेले. त्यांची पदे शिखांच्या ग्रंथात आहेत.

आता कागदाचे. दुःखात कागद कोण बघतो, असे म्हणून लोक राहतात आणि फसतात.

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत करावी. उशीर झाला तर दंड लागतो. वर्ष उलटले तर वरच्या अधिकाऱ्याचा हुकूम आणावा लागतो. दाखल्याच्या चार-पाच प्रती घ्याव्यात. जमीन असेल तर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वारसाची वर्दी द्यावी. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. सातबारावर नाव लागले का, ते स्वतः वाचून पाहावे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मृत्युपत्र केलेले नसेल तर बायको, लेक, लेकी आणि गेलेल्याची आई यांना सारखा वाटा मिळतो. बौद्ध, जैन, शीख यांनाही हाच कायदा. मुसलमान बाईला लेकरे असतील तर नवऱ्याच्या मालमत्तेचा आठवा हिस्सा.

गरीब विधवेला तहसीलमधून पगार मिळतो. लोक पगारच म्हणतात, खरे म्हणजे ते अनुदान. वय ६५ च्या खाली असेल तर संजय गांधी निराधार योजना, ६५ आणि पुढे श्रावणबाळ योजना. २०२३ पासून महिना १,५०० रुपये. घरचे वर्षाचे उत्पन्न २१ हजारांच्या आत पाहिजे. एस.टी.त २०२३ पासून बायांना अर्धे तिकीट आहे आणि ७५ वर्षांवरच्या सगळ्यांना २०२२ पासून फुकट. म्हणजे लेकीकडे चार दिवस जाऊन यायला पैशाची अडचण नको.

आजीकडे परत येऊ. दोन महिने झाले नसतील. धाकटा पोरगा एक कागद घेऊन आला. "माय, इथं अंगठा दे. वारसाचं काम हाय." नदीवर शब्द देणारा तोच पोरगा. वाईट नव्हता. कर्ज होते, घाई होती. आजी तेव्हा आमच्या रात्रीच्या वर्गात येत होती. जोडाक्षरे नुकती झाली होती. तिने कागद हातात घेतला. कंदील जवळ ओढला, कारण वीज गेलेली. बोट ठेवून वाचू लागली. "ह... हक्क... सोड."

"हक्कसोड म्हंजी काय रे?"

पोरगा गप्प. हक्कसोड पत्र म्हणजे आपला वाटा सोडून दिल्याचा कागद. तो नोंदला की परत फिरवणे फार कठीण. आजीने कागद घडी घालून डब्यात ठेवला आणि म्हणाली, "सकाळी गुर्जींना दाखवते." सकाळी दोन्ही पोरे आणि मी असे बसलो. मी एवढेच सांगितले की आई जिवंत आहे तोवर तिचा वाटा तिच्या नावावर राहू द्या, तुम्ही कसा आणि तिला धान्य घाला. आणि कधी द्यायचेच झाले तर 'आईला जन्मभर सांभाळीन' ही अट बक्षीसपत्रात लिहून घ्यावी. मग सांभाळले नाही तर २००७ च्या कायद्याने उपविभागीय अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणाकडे जाऊन ते पत्र रद्द करून घेता येते. थोरल्याला पटले. धाकटा चार महिने रुसला. मग एके दिवशी ज्वारीचे पोते आणून टाकून गेला. बोलला नाही.

तलाठ्याकडे जायच्या आधी मृत्यूचा दाखला तपासायचा होता. नावात चूक असली तर पुढे सगळीकडे अडते. मी म्हणालो, "आजी, तुम्हीच वाचा." तुम्हाला ठाऊकच आहे, आपल्याकडच्या जुन्या बाया नवऱ्याचे नाव घेत नाहीत. लग्नात उखाण्यात घेतले तेवढेच. आजीनेही जन्मभर 'पोरायचा बाप' असेच म्हटले. आता तिने दाखला मांडीवर ठेवला. गावाचे नाव वाचले. तारीख वाचली. मग बोट खाली सरकले आणि थांबले. बराच वेळ थांबले. मी दुसरीकडे पाहत बसलो.

मग तिने नाव वाचले. आधी एकेक अक्षर, मग सगळे नाव एका दमात. बापाचे नाव, आडनाव. पुन्हा एकदा वाचले.

"बरोबर हाय, गुर्जी," ती म्हणाली. "एकबी चूक न्हाई."