खाऱ्या पाण्याची माशांची पेटी : जिवंत खडक व डब्याचा फिल्टर

घाटंजीहून समुद्र शेंकडों मैल दूर. अशा गांवीं समुद्रांतील मासे कांचेच्या पेटींत पाळण्याचा विषय कापूस-तुरीच्या शेतकऱ्यांपुढें कां मांडावा, असें कोणी विचारील. परंतु पेटींतील मासे ज्या सूक्ष्म जंतूंच्या जिवावर जगतात, त्यांच्याच जातकुळीचे जंतु आमच्या काळ्या जमिनींत पऱ्हाटीस नत्र तयार करून देतात. म्हणून घरीं अशी पेटी ठेवूं इच्छिणारांस उपयोगी पडेल व इतरांसही कांहीं बोध होईल, असा हा पाठ देत आहों.

माशांच्या उत्सर्गापासून व उरलेल्या खाद्यापासून पाण्यांत अमोनिया उत्पन्न होतो. तो माशांस विष होय. एका जातीचे जंतु त्याचें नायट्राइट करितात, तेंही विषारीच. दुसऱ्या जातीचे जंतु त्याचें नायट्रेट करितात, तें पुष्कळ सौम्य असतें. हें काम सजीवांचें आहे, हें फ्रान्समध्यें श्लेसिंग व म्युन्ट्झ यांनीं १८७७ सालीं दाखविलें. त्यांनीं वाळू व चुनखडी भरलेल्या नळींतून गटाराचें पाणी झिरपूं दिलें. सुमारें वीस दिवसांनीं खालीं उतरणाऱ्या पाण्यांत नायट्रेट आलें. क्लोरोफॉर्मची वाफ सोडतांच तें बंद पडलें, व पुढें थोडें मातीचें धुवण घातल्यावर पुन्हां सुरू झालें.

जिवंत खडकाचें कार्य याच प्रकारचें. असा सच्छिद्र दगड जंतूंनीं भरलेला असतो. वरच्या पृष्ठभागावरील जंतु प्राणवायूच्या साहाय्यानें नायट्रेट करितात. आंतील छिद्रांत प्राणवायु पोंचत नाहीं, तेथील जंतु त्याच नायट्रेटाचा नत्रवायु करून सोडून देतात. पावसाळ्यांत पाणी तुंबलेल्या वावरांतील नत्र असाच उडून जातो. शेतांत जें नुकसान, तोच पेटींत लाभ.

प्रवाळाचा खडक मात्र समुद्रांतून आणूं नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत प्रवाळ २००१ सालीं घातलें गेलें आहे. कृत्रिम सच्छिद्र दगड घेऊन त्यांवर जंतु वाढूं द्यावे. यास कित्येक आठवडे लागतात. तपासणींत अमोनिया व नायट्राइट शून्य येईपर्यंत मासे सोडूं नयेत.

आतां डब्याचा फिल्टर. हा बंद डबा पेटीखालीं असतो. पंप पाणी स्पंजांतून फिरवून परत वर पाठवितो. ठिबकाच्या फिल्टरांत मळ अडला म्हणजे काम झालें असें आपण समजतों. येथें तसें नाहीं. अडलेला मळ दृष्टीआड होतो, पण पाण्याबाहेर जात नाहीं. तेंच पाणी त्यांतून फिरत राहतें, मळ कुजतो व नायट्रेट वाढत जातें. खडकानें कमवावें आणि डब्यानें गमवावें, असा प्रकार होतो. यासाठीं पेटींत पुरेसा खडक असल्यास डब्यांत जंतूंसाठीं निराळे दगड वा कड्या भरूं नयेत. स्पंज दर आठवड्यास पेटींतून काढलेल्या खाऱ्या पाण्यांत धुवावा. मळ धरणें व पाणी हलतें ठेवणें, एवढेंच काम डब्याकडे असावें.

सर्वांत मोठा धोका वीज जाण्याचा. पंप थांबला कीं डब्यांतील पाणी साठून राहतें. आंतील जंतु उरलेला प्राणवायु संपवितात व कांहीं तासांत मरूं लागतात. वीज येतांच पंप तें दूषित पाणी पेटींत ढकलतो, आणि रात्रींतून मासे मरतात. म्हणून वीज तास-दोन तासांहून अधिक गेली असल्यास डबा प्रथम पेटीपासून तोडावा, उघडून धुवावा, मगच सुरू करावा. तोंवर बॅटरीवरील हवेच्या पंपानें पेटींत बुडबुडे सोडावे. खडक उघड्या पाण्यांत असल्यानें त्यावरील जंतु त्या आधारावर तग धरितात.

आमच्या उन्हाळ्यांत विशेष जपावें. पाणी २५-२६ अंश सेल्सिअसवर ठेवावें. तापलेल्या पाण्यांत प्राणवायु कमी विरघळतो. मीठ लिटरास सुमारें ३५ ग्रॅम असावें, व तें समुद्री पेटीसाठीं बनविलेलेंच घ्यावें. वाफेनें पाणी जातें, मीठ जात नाहीं. म्हणून रोजची तूट गोड्या पाण्यानें भरावी, खाऱ्यानें नव्हे.

इतकी दक्षता ज्यांस घेतां येईल, त्यांनींच ही हौस करावी.