ड्रेन बोल्टवरची पांढरी टेप

शंभर सीसीच्या गाडीचं ऑइल घरी बदलणं अवघड नाही. अट एवढीच, की तळाच्या ड्रेन बोल्टवर आधी कुणी पराक्रम गाजवलेला नसावा. प्रस्तुत लेखकाच्या गाडीवर तो पुण्यातल्या एका सर्व्हिस सेंटरने गाजवला होता. त्यांचं नाव इथे छापलेलं नाही, हे त्यांनी उपकार समजावेत.

इंजिन कोमट करून लेखकाने १७चा रिंग पाना लावला. कडक बोल्ट सुटताना हाताला जो झटका बसतो, तो बसलाच नाही. बोल्ट गुळगुळीत फिरत बाहेर आला आणि त्याच्या आट्यांमध्ये पांढरी टेफलॉन टेप दिसली, प्लंबर नळाला गुंडाळतो ती. टेपमध्ये ॲल्युमिनियमचे चकचकीत तुकडे अडकलेले. बोल्ट स्टीलचा, इंजिनचं आवरण ॲल्युमिनियमचं; जास्त आवळलं की मऊ धातूचे आटे उपटून येतात. म्हणजे आटे आधीच गेले होते आणि ज्याने ते घालवले त्याला ते पक्कं ठाऊक होतं. त्याशिवाय टेप कोण गुंडाळतो? वर सर्व्हिसचं पूर्ण बिल, ‘ऑल ओके’ शेऱ्यासह!

बोल्ट घेऊन लेखक त्याच सर्व्हिस सेंटरला गेला. काउंटरवरच्या सुपरवायझरने आधी लेखकाकडे पाहिलं, मग बोल्टकडे. “साहेब, घरी खोललंत कशाला?” टेप दाखवल्यावर म्हणाला, “ती कंपनीतूनच येते.” कुठलीही कंपनी ड्रेन बोल्टला टेप लावत नाही, तिथे वॉशर असतो. त्यानंतर क्रँककेसच, म्हणजे इंजिनचं ते आवरणच, बदलण्याचा सल्ला मिळाला, अर्थातच ग्राहकाच्या खर्चाने.

क्रँककेस बदलावी लागली नाही. एका लेथवाल्याने भोक मोठं करून, नवे आटे पाडून त्यात हेलिकॉइल, म्हणजे तारेच्या वेटोळ्याचे तयार आटे, बसवली. कीस आत पडू नये म्हणून टॅपला ग्रीस फासलं आणि शेवटी थोडं स्वस्त ऑइल आत ओतून खालून वाहू दिलं. असा माणूस शोधा. ओव्हरसाइज बोल्ट ठोकून देणाऱ्याच्या नादी लागू नका.

बोल्ट परत लावताना पहिले आटे नुसत्या बोटांनी फिरवा. अडला तर सोडवून पुन्हा लावा, पाना घेऊ नका. वॉशर नवा घ्या. शक्य असेल तर टॉर्क रेंच वापरा आणि मॅन्युअलमधला आकडा पाळा. गाडी सर्व्हिसिंगहून आली की बोल्टचा फोटो काढून ठेवा. लेखकाकडे तो नव्हता आणि नेमका त्यावरच समोरच्याने वाद जिंकला.

ऑइल मॅन्युअलमध्ये असेल तेच, बहुधा १०डब्ल्यू-३०, आणि डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ हवं. अशा मोटरसायकलींचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. कारच्या काही ऑइलमधल्या घर्षण कमी करणाऱ्या रसायनांनी तो घसरू लागतो. बाटली लिटरची आहे म्हणून सगळी ओतू नका, डिपस्टिकच्या दोन खुणा पाहा. हातमोजे घाला वगैरे सांगायला नकोच.

जुनं ऑइल गटारात नको. २०१६च्या नियमांनुसार तो घातक कचरा आहे. बंद डब्यात भरून, ते अधिकृत पुनर्वापरासाठी देणाऱ्या गॅरेजमध्ये पोचवा. आणि सर्व्हिस सेंटरशी भांडण झालंच, तर तोंडी वाद घालत बसण्यापेक्षा लेखी तक्रार द्या, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर फोन करा. हेलिकॉइलचे पैसे लेखकाला अजून परत मिळालेले नाहीत.