विषादावरील औषधें, मद्य आणि मोटार हांकणें

1997 सालच्या ऑगस्टच्या 31 तारखेस, मध्यरात्र उलटून वीसएक मिनिटें झालीं असतां, पॅरिस शहरांतील आल्मा पुलाजवळच्या भुयारी रस्त्यांत एक मर्सिडीझ मोटार तेराव्या खांबावर आदळली. तींत इंग्लंडच्या राजघराण्यांतील डायाना, त्यांचे स्नेही डोडी फायेद, एक अंगरक्षक व सारथी हेन्री पॉल असे चौघे होते. अंगरक्षक तेवढा वांचला. पालकांपैकीं पुष्कळांना ही गोष्ट आठवत असेल. त्या वेळीं छायाचित्रकारांच्या पाठलागाचीच चर्चा फार झाली. आपणांस येथें सारथ्याच्या रक्ताकडे पाहावयाचें आहे.

तपासणींत त्याच्या एक लिटर रक्तांत सुमारें 1.74 ग्रॅम मद्यार्क आढळला. फ्रान्समधील कायद्याची मर्यादा 0.5 ग्रॅमची, म्हणजे हें प्रमाण तिपटीहून अधिक झालें. शिवाय फ्लुओक्सेटिन हें विषादावरील औषध व टायाप्राइड हें दुसरें एक औषध, हीं दोन्हीं उपचाराच्या प्रमाणांत होतीं. मोटारीचा वेग अदमासें ताशीं 105 किलोमीटर, आणि त्या रस्त्याची मर्यादा 50. 2008 सालीं लंडनच्या जूरीनें सारथ्यास व पाठलाग करणाऱ्या वाहनांस, दोघांसही दोषी धरलें.

मद्यानें मेंदूचें कार्य मंद होतें. प्रथम जाते ती विवेकबुद्धि. हातपाय अडखळतात ते मागाहून. म्हणूनच पिणाऱ्यास आपण अगदीं ठीक आहों असें वाटतें. नीतिसूत्रांच्या 23 व्या अध्यायांत मद्यप्याच्या या बेभानपणाचें वर्णन आहे. शास्त्रानें तें मोजावयास पुढें पुष्कळ शतकें घेतलीं. विद्यार्थ्यांनीं एक गणित करून पाहावें. ताशीं 60 किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदांत साडेसोळा मीटरांहून अधिक पुढें जाते. पाय ब्रेकवर पडण्यास अर्धाच सेकंद उशीर झाला तर आठ मीटर अंतर वाढलें. ताशीं 105 च्या वेगाला तेंच अंतर साडेचौदा मीटर होतें.

आतां औषधांकडे वळूं. 1950 नंतर निघालेलीं इमिप्रामिन, अमिट्रिप्टिलिन हीं जुनीं औषधें गुंगी आणतात. हॉलंडमध्यें खऱ्या महामार्गावर मोटार चालवून ती किती हेलकावे खाते हें यंत्रानें मोजण्याचे प्रयोग झाले आहेत. अमिट्रिप्टिलिनच्या पहिल्या दिवसांत हे हेलकावे मद्यप्याच्या गाडीसारखे वाढतात. शरीर सरावलें म्हणजे कमी होतात. त्यांतच मद्य घेतलें तर गुंगीवर गुंगी चढते. फ्लुओक्सेटिनसारख्या नव्या औषधांत गुंगी बरीच कमी, आणि प्रयोगांत त्यानें मद्याचा परिणाम फारसा वाढविल्याचें दिसलें नाहीं. मग पॉलच्या बाबतींत दोष गोळीचा काय? माझ्या मतें मुख्य दोष मद्याचाच. तथापि प्रयोगांतील निरोगी तरुण व मोजकें मद्य ही एक गोष्ट, आणि झोंप उडालेला आजारी मनुष्य ही दुसरी. म्हणून दोन्हीं एकत्र घेऊं नयेत असाच डॉक्टरांचा सल्ला असतो.

कित्येक घरांत एक घातक समजूत आढळते: लग्नाला जावयाचें आहे, आज गोळी नको, म्हणजे झालें! फ्लुओक्सेटिन व त्यापासून शरीरांत बनणारें द्रव्य कित्येक आठवडे टिकून राहतें; एक गोळी चुकविल्यानें तें जात नाहीं. दुसरीं कांहीं औषधें एकाएकीं बंद केल्यास भोंवळ, मळमळ व बेचैनी सुरू होते. टाळावयाचें तें मद्य, गोळी नव्हे. मधुमेहावर इन्सुलिन घेण्यांत जशी लाज नाहीं, तशी या गोळींतही नाहीं. परंतु घरांत अशा मनुष्याची थट्टा झाली कीं तो गोळ्या लपवूं लागतो, डॉक्टरांस दारूविषयीं खरें सांगत नाहीं, आणि तसाच गाडीवर बसतो. ही थट्टा बहुधा आम्हीं वडील माणसेंच आधीं करतों, मुलें ती उचलतात.

आपल्या देशांत 1988 च्या मोटार वाहन कायद्याचें 185 वें कलम 100 मिलिलिटर रक्तांत 30 मिलिग्रॅम मद्याची मर्यादा घालतें. औषधाच्या अंमलाखालीं ज्याचा वाहनावर ताबा राहत नाहीं त्यासही तें लागू आहे. शरीर ताशीं सरासरी 15 मिलिग्रॅम एवढेंच मद्य नाहींसें करतें. कॉफीनें किंवा थंड पाण्यानें हा वेग वाढत नाहीं. पॉलएवढें मद्य रक्तांत असलेला मनुष्य रात्रीं बाराला झोंपला आणि सकाळीं नऊला स्कूटर काढून कामावर निघाला, तर त्याच्या रक्तांत त्या वेळीं 39 मिलिग्रॅम मद्य उरलेलें असेल.