कॉम्प्रेसर गेला म्हणजे नक्की काय गेलं?

जालन्याचा मे महिना काय असतो हे तुम्हाला सांगायला नको. पारा ४० च्या वर, आणि नेमका तेव्हाच गाडीचा एसी गरम हवा फेकायला लागतो. मग गॅरेजमध्ये ठरलेलं वाक्य ऐकू येतं, "भाऊ, कॉम्प्रेसर गेला. नवीन टाका." या एका वाक्यावर माणूस हजारो रुपये मोजून मोकळा होतो! पण कॉम्प्रेसरमधलं नक्की काय गेलं आणि का गेलं, हे आपण मेकॅनिकलवाल्यांनी तरी विचारायला हवं.

पुस्तकी मराठीत याला 'संपीडक' म्हणतात. (कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या माझ्यासारखीला तो शब्द उच्चारायलाच दोन दिवस लागले, म्हणून कॉम्प्रेसरच बरा.) इव्हॅपोरेटरकडून आलेला गॅस दाबून कंडेन्सरकडे ढकलणे हे त्याचं काम. इंजिनचा पट्टा त्याची पुली सतत फिरवत असतो, पण एसीचं बटण दाबल्यावर मॅग्नेटिक क्लच चिकटतो आणि तेव्हाच आतला शाफ्ट फिरतो. काही नव्या गाड्यांत हा क्लच नसतो, पण आपल्याकडच्या बहुतेक जुन्या गाड्यांत असतो.

म्हणून पहिली तपासणी कानाने. बोनेट उघडा, एसी लावा, 'टक्' असा आवाज येतो का ऐका. आला नाही तर मल्टिमीटरने क्लचच्या कॉइलचा रेझिस्टन्स मोजा. तो साधारण ३ ते ४ ओहम असतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल जळाली. कॉइल ठीक असेल तर फ्यूज, रिले आणि गॅस कमी झाल्यावर क्लच बंद करणारा प्रेशर स्विच बघा. सकाळी एसी चालतो आणि दुपारी इंजिन तापलं की बंद पडतो, असं असेल तर क्लच प्लेट झिजून फट वाढलेली असू शकते. ती फट साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास हवी, फीलर गेजने मोजता येते. एसी बंद असतानासुद्धा घरघर येत असेल तर बहुधा पुलीचं बेअरिंग. या सगळ्यात कॉम्प्रेसर आतून धडधाकट असतो! बऱ्याच मॉडेल्सचे क्लच, कॉइल, बेअरिंग वेगळे मिळतात.

आतून गेलाय का हे कसं ओळखायचं? इंजिन बंद करून क्लचची पुढची प्लेट हाताने फिरवा. एकसारखा थोडा विरोध जाणवला तर ठीक. अडकली किंवा खरखर लागली तर मामला गंभीर. क्लच चिकटलाय, गॅस पुरेसा आहे आणि तरी गेजवर दोन्ही बाजूंचे दाब जवळजवळ सारखेच दिसतात, तर तो गॅस दाबतच नाहीये. असा कॉम्प्रेसर बदलावाच लागतो.

आता 'का गेला' हा प्रश्न, आणि खरं दुखणं इथेच आहे. कॉम्प्रेसरला स्वतंत्र ऑइल पंपाची चैन नसते, गॅसबरोबर फिरणारं तेलच त्याला वंगण देतं. कुठेतरी बारीक लीक झाला की गॅस जातो, थोडं तेलही जातं, आणि उरलेलं तेल नीट परत येत नाही. अशा वेळी प्रेशर स्विच क्लच बंद करून कॉम्प्रेसरला वाचवतो. पण काही जण वायर जोडून तो 'डायरेक्ट' करतात. गिऱ्हाईक चार दिवस खूश, कॉम्प्रेसर पाचव्या दिवशी जाम! दुसरं कारण आपल्या भागातलं, म्हणजे धूळ आणि कापसाचे तंतू. कंडेन्सरच्या जाळीत ते अडकले की उष्णता बाहेर पडत नाही, दाब वाढतो आणि कॉम्प्रेसर भाजून निघतो.

माझ्या मामांची टुरिस्ट गाडी आहे. ऐन लग्नसराईत तिचा कॉम्प्रेसर जाम झाला. गॅरेजवाल्याने नवीन बसवला, गॅस भरला, झालं. दोन महिन्यांत तोही जाम. मामा म्हणाले, "अगं, पार्टच डुप्लिकेट निघाला." पण पाइप उघडला तेव्हा काळं तेल आणि त्यात चमकणारा धातूचा चुरा. पहिल्या कॉम्प्रेसरचा कचरा दुसऱ्याने गिळला होता. मामांचा त्या सीझनचा गाडीचा हप्ता दोनदा कॉम्प्रेसरमध्ये गेला.

म्हणून चुरा दिसला तर पाइप आणि इव्हॅपोरेटर फ्लश करायचे, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह बदलायचा. हल्लीच्या कंडेन्सरच्या नळ्या इतक्या बारीक असतात की ते नीट साफ होत नाहीत, तेही बदललेलेच बरे. रिसीव्हर ड्रायर तर दर वेळी नवा, कारण सिस्टीम उघडली की आतला दाणा हवेतली ओल शोषतो. तेल कंपनीने सांगितलेलंच. इलेक्ट्रिक कॉम्प्रेसर असलेल्या हायब्रिड गाडीत साधं पॅग तेल चुकूनही नको, त्याने विजेचं इन्सुलेशन जातं.

मग निदान अर्धा तास व्हॅक्यूम, व्हॉल्व्ह बंद करून काटा हलतो का बघणे, आणि गॅस वजनावर भरणे. बोनेटखालच्या स्टिकरवर ग्रॅम लिहिलेले असतात. अंदाजपंचे भरू नये. जुना गॅस हवेत सोडून देणं तर बंदच व्हायला हवं. आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही हे खरं, पण १०० वर्षांच्या हिशोबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४३० पट तापमान वाढवतो. असे गॅस कमी करण्याचा किगाली करार २०१६ साली झाला आणि भारताने २०२१ मध्ये त्याला मान्यता दिली. गॅस काढून पुन्हा वापरण्याचं मशीन असतं. गाडी आत लावण्याआधी ते आहे का, एवढं विचारून घ्या.