चारही चाकांना ताकद, पण थांबायचं कसं?

प्रश्न : नोकरीनिमित्त म्युनिकला आहे. बीएमडब्ल्यू एम३४०आय एक्सड्राइव्ह घेतली, १९ इंची उन्हाळी टायरवर. चारही चाकांना ताकद मिळते, मग हिवाळी टायरचा खर्च हवाच का?

उत्तर : हवाच. एक्सड्राइव्ह कामाला येते ती गाडी सुटताना आणि चढावर. ब्रेक साध्या गाडीलाही चारही चाकांना लागतात, म्हणून थांबताना एक्सड्राइव्हचा काडीचा उपयोग नाही. उलट बर्फावरही गाडी झटक्यात पळते आणि पकड आहे असं वाटत राहतं, पहिलं वळण येईपर्यंत!

मुद्दा रबराचा आहे. उन्हाळी टायरचं रबर साधारण ७ अंशांखाली कडक होऊ लागतं; त्याला बर्फ पडायची गरज नाही. हिवाळी टायरचं रबर थंडीत मऊ राहतं आणि नक्षीतल्या बारीक चिरा बर्फ पकडतात. शिवाय जर्मनीत बर्फाळ रस्त्यावर असे टायर कायद्यानेच सक्तीचे आहेत. टायरच्या कडेवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, ही खूण बघून घ्या. नुसती ‘एम+एस’ (चिखल आणि बर्फ) ही जुनी खूण ऑक्टोबर २०२४ पासून चालत नाही.

जमल्यास १८ इंची रिम घ्या. टायर स्वस्त पडतात, खड्ड्यात रिमही वाचते. मात्र तुमचे ब्रेक आत मावतात का, ते आधी विचारा. नक्षी ४ मिमीखाली गेली की टायर बदला, कायदा १.६ मिमीपर्यंत चालवू देतो, मी देणार नाही.

भुसभुशीत बर्फात चाकं रुतली तर डीटीसी (डायनॅमिक ट्रॅक्शन कंट्रोल) लावा. ती चाकांना थोडं फिरू देते. बाहेर पडलात की लगेच बंद करा.